सल्ला हवा: सोलापूर आणि आसपासच्या खडकांचा नमुना-संच विकत घ्यावा की स्वतः जमवावा?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पदवीच्या मुलांना भूशास्त्र शिकवतो. आमच्याकडची दोन-तीन मुलं दरवर्षी खनिजशोधाच्या कामावर लागतात. कुणी रायचूरकडे जातं, कुणी नागपूर-भंडाऱ्याकडे. महिनाभरात फोन येतो, "सर, इथला दगड बघून काहीच सुचत नाही." मुलं हुशार आहेत, पण तीन वर्षांत त्यांनी हातात धरलेला दगड एकच. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठंही खणलं तरी खाली काळा पाषाणच, म्हणजे बेसॉल्ट लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत, त्याखालचं काही दिसतच नाही.

म्हणून विभागासाठी प्रादेशिक नमुना-संच करायचा आहे. पंधरा हजार रुपये मंजूर होतील असं दिसतंय. दोन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून चाळीस नमुन्यांची पेटी मागवली होती. दगड सुपारीएवढे, प्रत्येकाला पॉलिश केलेलं, आणि चिठ्ठीवर फक्त "बेसॉल्ट, भारत", "ग्रॅनाइट, भारत". त्यातला एक अकीक तर उघड उघड रंगवलेला निघाला. पॉलिशमुळे एकाचाही मूळ पोत दिसत नाही. ती पेटी आता कपाटात पडून आहे.

कुणी असा संच केलाय का? कुठून सुरुवात करावी, किती नमुने पुरेत, कुठं जावं? कळकळीनं विचारतोय.

जुना भूजलवाला

सर, विकत घेऊ नका. तीस वर्षं विहिरी आणि बोअर बघत जिल्हा फिरलो, त्या जोरावर सांगतो. सोलापूरचा दगड एकच आहे हे तुमचं वाक्य मुलांसमोर मात्र म्हणू नका. नाव एकच आहे, दगड चार-पाच तरी आहेत.

एखाद्या नव्या विहिरीची खोदाई चालू असेल तिथं जा. मे महिना उत्तम. काठावर उभं राहून वरून खाली बघत या. वर काळी माती, तिच्यात पांढऱ्या चुनखडीचे खडे. त्याखाली मुरूम. मुरमात मध्येच गोल गोटे दिसतील, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले; आत टणक गाभा शिल्लक राहिलेला असतो. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या भोकांचा खडक. भोकं पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेली असतात. त्याखाली घट्ट काळा पाषाण, उभ्या-आडव्या सांध्यांचा. आणि नशीब असेल तर दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा मऊ पट्टा, आपले लोक त्याला गेरू म्हणतात. एक लाव्हा निवल्यावर त्याचा माथा उन्हापावसात झिजला आणि वरून दुसरा लाव्हा आला, त्याची ती खूण.

एकाच विहिरीतले हे सहा नमुने, खोलीसकट, एका ट्रेमध्ये ओळीनं मांडा. मुलगा तो ट्रे बघून दगडाची माती कशी होते ते शिकेल. तुमच्या चाळीस दगडांच्या पेटीनं ते कधीच शिकवलं नसतं.

एक सूचना. आपल्याकडे काळ्या मातीतल्या खड्यांनाही चुनखडी म्हणतात आणि शहाबादच्या दगडालाही. दोघांवर ॲसिड फसफसतं, पण एक मातीत तयार झालेला आणि दुसरा समुद्राच्या तळाशी साचलेला. नोंदवहीत पहिल्याला चुनखडी आणि दुसऱ्याला चुनखडक असं ठरवून लिहा, नाहीतर पुढच्या माणसाचा घोळ होईल.

विहीर सापडत नसेल तर तुळजापूरचा घाट आहेच. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात लाव्हाचे थर उघडे पडलेत. पण गाड्यांची वर्दळ फार आहे, मुलांना वळणावर थांबवू नका.

कोअर बॉक्स

मी मूळचा मोहोळचा. गेली नऊ वर्षं कर्नाटकात खनिजशोधाच्या कामावर आहे, रोज ड्रिलिंगची कोअर, म्हणजे जमिनीतून काढलेली दगडाची गोल कांडी बघून नोंदी करतो. सीनाकाठ सर, तुमच्या मुलांची जी अडचण तीच माझी होती.

काकांनी उभा छेद सांगितला, मी आडवा सांगतो. सोलापूरहून गदगला जाणारी रेल्वे हीच तुमची प्रयोगशाळा आहे. विजयपूरपर्यंत आपलाच काळा दगड, गोलघुमटही त्याचाच. पुढं बागलकोटच्या आसपास लाव्हा संपतो आणि त्याच्या खालचं जुनं जग वर येतं. कलादगीचे क्वार्टझाइट (गारेचा कठीण खडक) आणि चुनखडक. बदामीला तांबूस वालुकाश्म. गदगला पोहोचलात की धारवाडचे शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक), अडीच अब्ज वर्षांहून जुने. बागलकोटहून वाट वाकडी करून इरकलला गेलात तर लाल-गुलाबी ग्रॅनाइट. ज्या गावच्या लुगड्यांनी आपल्या आज्यांच्या पेट्या भरल्या, त्याच गावचा दगड देशभर फरशीला जातो. एक दिवसाचा प्रवास आणि ६ कोटींवरून अडीच अब्जांवर.

दुसरी रेल्वे वाडीची. कलबुर्गी शहर अजून काळ्या दगडावर आहे, पण शहाबादला उतरलात की भीमा खोऱ्यातला करडा चुनखडक. सोलापुरातल्या निम्म्या जुन्या घरांत लोक ज्या शहाबादी फरशीवर जेवायला बसतात, तिचा हा उगम. मुलांना आधी घरच्या फरशीची कड भिंगातून बघायला लावा आणि मग खाणीत न्या. दोन्ही ठिकाणी तेच बारीक, सपाट थर दिसले की विषय डोक्यात बसतो.

आता खनिजशोधासाठी मुद्द्याचं. प्रत्येक खडकाचे दोन नमुने ठेवा: एक हातोड्यानं नुकता फोडलेला, दुसरा ऊनपाऊस खाल्लेला. पुस्तकात ताज्या दगडाचा फोटो असतो, पण फिल्डवर समोर येतो झिजलेला. सल्फाइड (धातू आणि गंधकाची खनिजं) असलेला खडक जमिनीवर गंजून तपकिरी-पिवळा, सच्छिद्र झालेला असतो, त्याला आम्ही गोसन म्हणतो. पहिल्या वर्षी अशाच एका टेकाडावर मी जांभा समजून पुढं गेलो होतो. सोबतच्या वरिष्ठांनी मला मागं बोलावलं आणि एक ढेकूळ फोडून दाखवलं. बाहेरून ते गंजक्या लोखंडासारखं, आत चौकोनी भोकांची जाळी आणि एका कोपऱ्यात पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचा पिवळा कण शिल्लक. ती चौकोनी भोकं म्हणजे विरघळून गेलेल्या पायराइटची रिकामी घरं. मोहोळच्या मुलाला हे कोण दाखवणार? तुमच्या संचात गोसनचा एक तरी तुकडा असलाच पाहिजे.

सोबत पट्टेदार लोहखनिज ठेवा, हेमॅटाइटची आणि गारेची पट्टी आलटून पालटून असते ते, संडूर-होस्पेट भागातलं. शिरेचा क्वार्ट्ज, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेली गार ठेवा. हुट्टीच्या सोन्याच्या खनिजाचा तुकडा विनंतीपत्रावर मिळाला तर फारच उत्तम. त्यात सोनं सहसा डोळ्यांना दिसत नाही, आर्सेनोपायराइटची चांदीसारखी चमक तेवढी दिसते. मुलांच्या डोक्यातली पिवळ्या गोळ्याची कल्पना तिथंच जाते.

एक सावधगिरी. हा संच नजर तयार करायला आहे. रासायनिक विश्लेषणाची अचूकता तपासायला प्रमाणित संदर्भ नमुने वेगळे मिळतात, त्यांची जागा हे दगड घेऊ शकत नाहीत.

गारगोटी वेचणारा

काळ्या दगडाच्या पोटात काय असतं त्याबद्दल लिहितो, माझा जीव तिथंच अडकलाय. मांजऱ्याच्या भोकांत झिओलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारी स्फटिकी खनिजं मिळतात. स्टिल्बाइट ओळखायचा तर पेंढी मधोमध बांधल्यासारखा आकार आणि मोत्यासारखी झाक. स्कोलेसाइट म्हणजे एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्या सुया. हेउलँडाइटचे चपटे स्फटिक. अपोफिलाइट झिओलाइट नाही, पण राहतो त्यांच्याच शेजारी. भोकाच्या आतल्या बाजूला हिरवं अस्तर असेल तर ते खरवडू नका. पोकळीत आधी काय साचलं आणि मागून काय आलं, हा क्रम त्या अस्तरावरूनच कळतो.

वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट किंवा पाषाणचा हिरवा अपोफिलाइट यांच्या मागं लागू नका. त्यांच्या किमतीत तुमचं सगळं बजेट जाईल. तसे नमुने बघायला मुलांना सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा घेऊन जा.

जपणुकीचं सांगतो. लॉमोंटाइट नावाचं झिओलाइट हवेत पाणी सोडतं आणि भुगा होतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर बघायलाच नको. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. नाजूक सुया असलेले नमुने ॲसिडनं धुऊ नका. वरचा कॅल्साइट काढायच्या नादात खालचं झिओलाइटही खराब होतं. गुंडाळायला वर्तमानपत्रापेक्षा टॉवेलची कात्रणं घ्या. तुमच्या गावात टेरी टॉवेलचे कारखाने आहेत, पोतंभर कात्रण सहज मिळेल. मी इतकी वर्षं तेच वापरतोय, एक सुई मोडलेली नाही.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

सर्वांचे आभार, खूप शिकायला मिळतंय. माझे तीन प्रश्न. नमुना किती मोठा घ्यायचा? हातोडा कोणता? आणि खाणवाल्यांना विचारायचं कसं? मागच्या वेळी आम्ही दोघी एका क्रशरवर गेलो तर आम्हाला फाटकावरूनच परत पाठवलं.

जुना भूजलवाला

बाळ, तळहातावर मावेल एवढा घे. साधारण दहा सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद. एक बाजू ताजी, एक झिजलेली ठेवता आली तर एकाच दगडात दोन्ही कामं होतात.

हातोडा भूशास्त्राचाच घ्या, एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्याला चोचीचा किंवा छिन्नीसारखा. सुताराचा हातोडा काळ्या पाषाणावर चालवू नका, त्याची कपची उडून डोळ्यात जाते. गॉगल घातल्याशिवाय एकही घाव नको, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही गॉगल हवा. सोबत दहापट भिंग, चुंबक, एक खिळा, आणि ड्रॉपरच्या बाटलीत दहा टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. आपला काळा पाषाण चुंबकाला हलकंसं ओढतो, त्यात मॅग्नेटाइट असतं. धाग्याला चुंबक टांगून बघ, गंमत वाटेल.

क्रशरवर जाताना विभागाच्या शिक्क्याचं पत्र न्या, आणि एक दिवस आधी मालकाला फोन करा. सुरुंग केव्हा उडवणार हे विचारल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. तिथं दगड फोडणारे वडार समाजातले जुने कारागीर भेटले तर त्यांच्याजवळ बसा. दगड कुठल्या अंगानं फुटेल हे ते सुतकीचा एक ठोका मारून आवाजावरून सांगतात. मी सांध्यांची दिशा बघायला त्यांच्याकडून शिकलो.

कोअर बॉक्स

कुठं हात लावायचा नाही तेही लिहून ठेवतो. बदामीच्या लेण्यांच्या परिसरात एक ठोकाही नाही, तो संरक्षित वारसा आहे; वालुकाश्म गावाबाहेरच्या चालू खाणीतून मागून घ्या. गदगजवळचा कप्पतगुड्डा अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नाही. लोणारलाही तेच. आपल्या भुईकोटाचे आणि जुन्या मंदिरांचे दगड तर सांगायलाच नको.

जायच्या आधी भूकोश पोर्टलवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे बघा. कुठल्या गावाला खडक बदलतो ते घरबसल्या कळतं, भाड्याचे पैसे वाचतात.

आणि किल्लारी विसरू नका. १९९३ च्या भूकंपानंतर तिथं शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतला. ३३८ मीटर लाव्हा, त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा खडक, आणि मग थेट जुना नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक). त्या बोअरचा उभा तक्ता काढून संचाशेजारच्या भिंतीवर लावा. आपल्या पायाखाली काय आहे ते मुलांना दिसेल, आणि कर्नाटकातून आणलेला नाइस इथं का ठेवलाय हे कुणी विचारणार नाही.

सीनाकाठ

आपण सगळ्यांनी जे दिलंत त्याचं मोल पंधरा हजारांत होणार नाही. पेटीचा विचार सोडला. काल रविवारी सहा मुलांना घेऊन मोहोळ तालुक्यात एका शेतकऱ्याच्या नव्या विहिरीवर गेलो. त्यांनी स्वतः क्रेनच्या डब्यातून डबर वर काढून दिलं, वर चहा पाजला. प्रत्येक डब्याची खोली विचारून मुलांनी तिथंच दगडावर खडूनं लिहिली. संध्याकाळी विभागात येऊन प्रत्येक नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, त्यावर काळ्या शाईनं क्रमांक आणि वरून वॉर्निश. नोंदवहीच्या दोन प्रती केल्या, एक ग्रंथालयात ठेवणार आहे. पूर्वी आमच्या जुन्या संचाच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या आणि शंभरावर चांगले नमुने निनावी झाले, ते दुःख अजून आहे.

गेरू मिळाला नाही, अकरा मीटरला काम थांबलं. पुढच्या महिन्यात शहाबाद, दिवाळीनंतर गदगची गाडी. गोसनचा तुकडा कुणाकडे जागेच्या नोंदीसह जास्तीचा असेल तर कृपया कळवा, पोस्टाचा खर्च आम्ही देऊ.

पहिली नोंद एका मुलीनं लिहिली, तशीच इथं देतो:

सो-००१. मांजऱ्या बेसॉल्ट. शेतातली नवी विहीर, ता. मोहोळ, जि. सोलापूर. खोली ७ मीटर. भोकं वाटाण्याएवढी, आत हिरवं अस्तर, त्यावर पांढरं खनिज. ॲसिडनं फसफसत नाही. खिळ्यानं ओरखडा पडतो. पांढरं खनिज झिओलाइट असावं, भिंगाखाली पुन्हा बघायचं आहे. सोबत सो-००२, त्याच थराचा झिजलेला तुकडा.