जुनी तापन-शीतन यंत्रणा कमी खर्चात कशी बदलावी?

प्रश्न: आमच्या घरातील मध्यवर्ती यंत्रणा १८ वर्षांची झाली असून कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात. तिच्यात आर-२२ हा गारव्यासाठी वापरला जाणारा जुना वायू आहे. सगळेच बदलून जरा मोठ्या क्षमतेचे यंत्र घ्यावे, असे कारागिराचे म्हणणे आहे. खर्च आवाक्यात कसा ठेवावा?

उत्तर १: मोठ्या क्षमतेचा सल्ला कृपया मानू नका. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली चटकन गार करून बंद पडते, त्यामुळे हवेतील दमटपणा तसाच राहतो आणि वारंवार चालू-बंद होण्याने कॉम्प्रेसरही लवकर झिजतो. खिडक्या, छत आणि भिंती लक्षात घेऊन उष्णताभार, म्हणजे घर गार किंवा गरम ठेवायला किती क्षमता लागेल ते, मोजून मागा. नुसत्या क्षेत्रफळावरून क्षमता सांगणाऱ्याला तर मी दारातूनच परत पाठवतो.

उत्तर २: गरम आणि गार दोन्ही हवे असेल, तर हीट पंपाचा विचार करावा. तो उष्णता निर्माण न करता बाहेरून आत आणतो, म्हणून सौम्य थंडीत एका युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. कडाक्याच्या थंडीत मात्र हे प्रमाण घटते. जोडणीनंतर नळ्यांतील हवा व्हॅक्यूम पंपाने काढल्याशिवाय वायू सोडू देऊ नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल माळ्यावर चढून पाहिले, तेव्हा डक्टच्या, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या मार्गाच्या, एका सांध्यावरची पट्टी सुटून लोंबत होती आणि तिथे हाताला चांगलीच गार हवा लागत होती. आधी ते सांधे बुजवून घेतो आणि मगच दरपत्रके मागवतो.