आईनं लहानपणी बजावलेलं, जे आजही पाळताय ते लिहा

कोल्हापूरकरांनो, आपल्या आयांनी काही गोष्टी इतक्या वेळा बजावल्यात की तेव्हा कटकट वाटायची, पण आता संसार करताना कळतं त्यात किती तथ्य होतं. नुसतं 'आई अशी म्हणायची' एवढंच नको, मोठेपणी त्याचा कुठं उपयोग झाला ते पण लिहा. मी सुरू करते.

माझं माहेर पंचगंगेच्या जवळच. पावसाळ्यात आईचं एकच, पाणी बघायचं तर लांबनं बघ, रस्त्यावर आलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, घोट्याएवढं असलं तरी नाही, कारण खाली गटाराचं झाकण जाग्यावर आहे का वाहून गेलंय ते वरनं दिसत नाही. २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४३. तेव्हा मिस्टर म्हणत होते अजून गाडी जाईल, पटकन पलीकडं जाऊया. मी उतरूनच उभी राहिले. वाहतं पाणी वीतभर असलं तरी माणसाचा पाय सुटतो आणि फूट-दीड फुटात लहान गाडी तरंगायला लागते. आम्ही मागं फिरलो आणि नणंदेकडं राहिलो.

राजारामपुरी
आमच्या आईचा नियम गॅसचा. झोपताना रेग्युलेटर बंद, आणि वास आला तर लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही. तिला कारण कुणी सांगितलं होतं माहीत नाही पण बरोबर होतं, बटण दाबताना आत बारीक ठिणगी उडते. मध्ये गावाकडनं रात्री परत आलो, दार उघडलं आणि भपकन वास. बायकोचा हात सवयीनं बटणाकडं गेला, तो मी वरच्यावर धरला. पोरांना जिन्यात उभं केलं, मोबाइल बायकोकडं दिला, अंधारात चाचपत रेग्युलेटर बंद केला, मागचं दार आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली फरशीलगत साचतो, त्यामुळं दारं उघडणं महत्त्वाचं, नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. मग खाली रस्त्यावर येऊन १९०६ ला फोन लावला. हा नंबर गॅस गळतीसाठीच आहे, सेव्ह करून ठेवा.

उत्तरेश्वर पेठ
वरच्या दादांना जोडून. गॅस गीझर असेल तर बाथरूमची झडप थंडीत पण बंद करू नका. त्यातनं कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला वास नसतो, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. आई बंबाच्या काळापासून सांगायची, कोंडून घेऊन आंघोळ करू नको.

शाहूपुरी
आई नोकरीला होती, शाळेतनं आणायला कधी काका, कधी शेजारचे कोणी. म्हणून तिनं घरात एक खुणेचा शब्द ठरवला होता. 'आईनं पाठवलंय' असं कोणी म्हणालं तर शब्द विचारायचा, सांगता आला नाही तर ओळखीचा चेहरा असला तरी जायचं नाही, बाईंच्या जवळ जाऊन थांबायचं. शब्द इथं लिहीत नाही कारण तो अजून चालू आहे! मागच्या वर्षी आईलाच फोन आला. आवाज थेट माझ्या भावासारखा, रडतोय, अ‍ॅक्सिडेंट झालाय, पोलीस सोडत नाहीत, लगेच पैसे पाठव, कुणाला सांगू नकोस. आई घाबरली होती, हात थरथरत होते, मी समोरच होते. पण तिनं विचारलं, "बाळा, आपला शब्द सांग." समोर एकदम शांत. परत विचारलं तर फोन कट. भावाच्या नंबरवर लावला तर तो पुण्यात ऑफिसात जेवत होता. आजकाल एआयनं कुणाचाही आवाज काढतात, त्यामुळं मला तर वाटतं प्रत्येक घरात असा शब्द पाहिजेच, विशेष करून घरात वयस्कर माणसं असतील तर. आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पन्हाळा रोड
चप्पल, बूट झटकून घाल आणि बॅटरी घेतल्याशिवाय परड्यात जाऊ नको. आता बंगल्यात राहतो तरी सोडलेलं नाही. पूर ओसरल्यावर तर नक्कीच, तेव्हा साप-विंचू कोरड्या जागी येऊन बसतात.

शिरोळ
आमच्याकडं पोरांचा आवडता उद्योग म्हणजे चालत्या ट्रॉलीतनं ऊस उपसायचा. आईला दिसलं की पाठीत धपाटा, "ट्रॉलीच्या मागं जायचं न्हाई, त्येला मागचं दिसत न्हाई." आज मी रोज रात्री ड्युटीवरनं मोटरसायकलनं येतो. सीझनला एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, उसाची टोकं बाहेर आलेली, समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यावर आला की ट्रॉली दिसतच नाही. मी लई अंतर ठेवून चालवतो, मागनं कितीही हॉर्न वाजवूदेत. वाहनमालकांनी पण मागं रिफ्लेक्टर आणि लाल दिवा लावावा ही कळकळीची विनंती आहे, गळीत सुरू व्हायच्या आधीच लावा.