विद्यापीठातली सामूहिक बाग: समिती पास होऊन गेली की पुढे कोण?

वाफा_सात:
आमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी चालवलेली भाजीची बाग आहे. पाच-सहा जणांची समिती, बाकी येतील ते स्वयंसेवक. समितीतले जवळजवळ सगळेच यंदा शेवटच्या वर्षाला. म्हणजे परीक्षा, मग सुट्टी, मग नवे चेहरे आणि कमरेएवढं तण. दरवर्षी हेच चालतं. प्रशासनाकडे कायमचा माळी मागावा, की अध्यक्ष-सचिव-खजिनदार अशी रीतसर घटना लिहून काढावी? यातून गेलेल्यांनी सांगा.

कुदळ_कुठंय:
घटना नको! पदं वाटून होतात आणि निंदायला कोणी उरत नाही. कामं वाटा: पाणी एकाकडे, रोपं एकाकडे, अवजारं एकाकडे. खजिनदार कशाला? जमाखर्च बघायचा तरी कशाचा, दोन पाइप आणि बियाण्यांच्या पुड्यांचा?

खणातली_किल्ली:
मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. बागेची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते, एवढ्यावरच मुलं मला बागवाल्या मॅडम म्हणतात. पद वगैरे काही नाही.

वाफा_सात, बाग कोण चालवतं हे आधी नीट बघ. समिती दिसते, पण सुट्टीच्या दिवशी फाटक उघडणारा सुरक्षारक्षक, पाण्याचा मुख्य कॉक कुठल्या झाकणाखाली आहे हे माहीत असलेला प्लंबर, गवत कापायला येणारी माणसं, हे सगळे बाग चालवतात. त्यांना कोणी बैठकीला बोलवत नाही. मग एक दिवस गवत कापणारा नुकती उगवलेली गाजरं सपाट करून जातो आणि मुलं त्याच्यावर चिडतात. त्याला कसं कळावं? वाफ्याला सुतळी बांधा, पाटी लावा, आणि जाऊन त्याच्याशी बोला.

समितीची निवड वर्षअखेरीला ठेवू नका, मध्यावर घ्या. मग जुने आणि नवे एक हंगाम तरी बरोबर राबतात.

वही ठेवा. फोनवरच्या गटात लिहिलेलं चार दिवसांत वर सरकतं, नंतर कुणालाच सापडत नाही. आमच्या वहीत रकाने आहेत: वाफा, काय लावलं, कधी, कोणी, काय झालं. शेवटचा रकाना मुलं कोराच सोडतात. 'उगवलंच नाही' लिहायला लाज वाटते त्यांना. मी मागे लागून लिहून घेते, कारण पुढच्यांना तोच लागतो. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातले. एकाच वाफ्यात पाठोपाठ लावले की मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी आणि मर रोग तिथेच मुक्काम ठोकतात. तिथे आधी काय होतं, हे नव्या मुलाला वहीशिवाय कोण सांगणार?

माळी मिळाला तर जरूर घ्या. मात्र माळी आला की मुलं हात झटकून मोकळी होतात, हेही पाहिलंय.

सामाईक_बांध:
मॅडमना +१. थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक मालमत्तेवरच्या कामासाठी. कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी लोक स्वतः कसं सांभाळतात, हा त्यांचा अभ्यास. नियम वापरणाऱ्यांनीच ठरवले, लक्षही त्यांनीच ठेवलं आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य, मग चढती शिक्षा असली, तर व्यवस्था टिकायला मदत होते, असं त्यांना दिसलं. बागेत म्हणजे पहिल्यांदा वाफ्यावर चिठ्ठी, मग फोन, तरीही तण तसंच राहिलं तर वाफा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. पहिल्याच फटक्यात वाफा काढून घेतला तर भांडणं होतात, आणि काहीच केलं नाही तर शेजारचेही निंदणं सोडतात.

एकखांबी तंबूची मात्र मला भीती वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ आवारातली बाग अ‍ॅलन चॅडविक यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केली. उतारावरची खडतर जमीन त्यांनी हाताच्या अवजारांनी खोल खणून घडवली. काही वर्षांत ते निघून गेले, पण त्यांच्या हाताखाली शिकलेले होते म्हणून बाग राहिली. शिकवण्याची सोय हवी, माणूस मग कोणीही असो.

वाफा_सात:
निवड मध्यावर घेण्याचं पटलं, पुढच्याच बैठकीत मांडते. पण सुट्टीचं काय? तेव्हा चिटपाखरू नसतं.

खणातली_किल्ली:
सुट्टीत भाजी लावायचीच नाही. टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने लागतात. परीक्षेच्या तोंडावर लावलेला टोमॅटो पक्ष्यांचा. त्यापेक्षा निघताना ताग किंवा चवळी पेरा. दोन्ही मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळे हवेतला नत्र बांधतात आणि दाट वाढून तण दाबतात. (या गाठी चांगल्या, सूत्रकृमींच्या वेगळ्या. मुलं दोन्ही उपटून दाखवायला आणतात.) सहा-आठ आठवड्यांत फुलोरा धरू लागला की कापून मातीत गाडा. उशीर केला तर तागाचे दांडे चिवट होतात, लवकर कुजत नाहीत. गाडल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग रोपं लावा.

पाऊस नसेल तिथे पेरणीही नको, वाळल्या पाल्याचा चार बोटं जाड थर पसरा. ठिबकाला टायमर असेल तर निघण्याआधी बॅटरी बदला, आणि टायमर बंद पडला तर काय करायचं ते रक्षकाला प्रत्यक्ष कॉक फिरवून दाखवा.

आणि किल्लीची दुसरी प्रत करून घ्या. मीसुद्धा रजेवर जाते.