चायकॉव्स्कीच्या स्पेलिंगला सुरुवातीचा 'टी' कशाला? आणि या आडनावाचा अर्थ काय?

गोदाकाठ_पियानो:
नमस्कार. नाशिकमध्ये पियानोच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे, पत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापायची आहे. मजकुरात एकाच रशियन संगीतकाराचं नाव तीन प्रकारे आलंय: त्चैकोव्स्की, चैकोवस्की आणि चायकॉव्स्की. इंग्रजीतही कुणी 'टीसीएच'ने सुरू करतं, कुणी नुसतं 'सीएच'ने. बरोबर काय? शिवाय आडनावाचा अर्थ एका ओळीत द्यायचा आहे. 'चहावाला' असा काही अर्थ आहे असं एका पालकांनी सांगितलं, ते छापू का?

लिप्यंतर:
चहा लगेच काढून टाका. रशियनमध्ये चहाला 'चाय' म्हणतात हे खरं, पण हे आडनाव 'चायका'वरून आलंय आणि चायका हा पक्षी आहे.

आता 'टी'. रशियन लिपीत 'च'साठी एकच अक्षर आहे. फ्रेंच माणूस 'सीएच'चा उच्चार 'श' करतो, म्हणून 'च' म्हणायला लावायचं तर त्याच्यासाठी आधी 'टी' जोडावा लागतो. जर्मनला तर 'टीएससीएच' अशी चार अक्षरं लागतात. एकोणिसाव्या शतकात रशियन नावं युरोपभर पोहोचली ती बरीचशी फ्रेंच आणि जर्मन वळणाने, आणि इंग्रजीने त्यातलं 'टीसीएच' उचललं. इंग्रजीला खरं तर त्या 'टी'ची गरज नाही. रशियात कामा नदीकाठी याच संगीतकाराच्या नावाचं एक शहर आहे, त्याचं स्पेलिंग इंग्रजी नकाशांत सरळ 'सीएच'ने होतं. पण संगीतकाराच्या नावात 'टी' रुळला तो कायमचा. कोशात, सूचीत, सीडीच्या दुकानात तो 'टी'खालीच सापडतो. इंग्रजी पत्रिकेत तेच ठेवा.

मराठीत मात्र 'त्चै' लिहू नका. ते रोमन अक्षरांचं लिप्यंतर झालं, नावाचं नव्हे. आघात मधल्या 'कॉ'वर येतो. पुढे 'स' असल्यामुळे 'व्'चा उच्चार 'फ्'कडे झुकतो, म्हणून ऐकताना 'चायकॉफ्स्की' वाटतं. लिहिताना 'व्'च ठेवावा, कारण मूळ लिपीत 'व'च आहे.

पाणथळ:
पक्ष्याबद्दल थोडं नेमकं सांगतो, कारण इथे सगळीकडे अर्धीच माहिती दिलेली असते. रशियनमध्ये चायका म्हणजे सीगल, आपल्या मराठीत कुरव. १९६३ साली अंतराळात गेलेल्या वालेंतिना तेरेश्कोवा यांचं रेडिओवरचं सांकेतिक नाव 'चायका'च होतं. पण युक्रेनियनमध्ये चायका म्हणजे टिटवी! आणि हे घराणं मूळचं आजच्या युक्रेनमधल्या पोल्ताव्हा भागातलं. संगीतकाराच्या आजोबांचं मूळ आडनाव नुसतं चायका होतं, चायकॉव्स्की ते नंतर झाले. म्हणजे घराणं बघता टिटवीच जास्त जवळची. आपल्या नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला बांधावर ओरडत धावते ती टिटवी डोळ्यांपुढे लाल मांसल गाठ असलेली, तिकडची डोक्यावर लांब शेंडी असलेली. दोघी एकाच कुळातल्या.

'-स्की' म्हणजे आपलं 'नाशिककर'मधलं 'कर', असं बरेच जण सांगतात. काही आडनावांना ते लागू पडतं, इथे नाही. हे गावावरून आलेलं नाही, जुन्या आडनावालाच प्रत्यय लागलाय. बाईचं असेल तर 'चायकॉव्स्काया' होतं.

छापील_शाई:
पत्रिकेपुरतं सांगते. शेवटची वेलांटी दीर्घ: 'स्की'. 'आणि', 'नि' असे मोजके अपवाद सोडले तर मराठीत शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व वेलांटी येत नाही, आणि 'स्कि' टाइप केलं तर वेलांटी जोडाक्षराच्या डावीकडे जाऊन वाचणारा अडखळतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर बदलून घेतला की 'व्स्की' हमखास फुटतं: पाय मोडलेला 'व्' सुटा दिसतो, नाहीतर 'कॉ'वरचा चंद्र उडून 'का' होतो. म्हणून ही ओळ प्रूफमध्ये मोठी करून बघा. ओळ तुटलीच तर 'चायकॉव्-' नंतर तोडा, 'चायकॉ-' नंतर नको.

आणखी एक. पूर्ण नाव प्योत्र इल्यिच चायकॉव्स्की; त्यात 'इल्यिच' हे मधलं नाव वडिलांचं आहे, इल्याचा मुलगा या अर्थाने. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लिहितात तसंच. त्यामुळे 'इल्यिच यांची रचना' असं लिहू नका. पहिलं नाव मराठीत 'प्योत्र', इंग्रजीत 'पीटर' किंवा 'प्योत्र', काहीही चालेल, पण पत्रिकाभर एकच.

गोदाकाठ_पियानो:
फार उपयोग झाला. प्रत्यय कसे लावू? आणि इंग्रजी निवेदनात 'चायकॉव्स्कियन' असा शब्द आलाय, तो राहू दे का?

लिप्यंतर:
'चायकॉव्स्कींची रचना', 'चायकॉव्स्की यांनी'. 'जोशी'चं 'जोश्यांनी' होतं तसं परक्या नावाचं करू नका. 'चायकॉव्स्कियन' हा इंग्रजीत रूढ शब्द आहे, पण तो बहुतेकदा त्यांच्या धाटणीच्या दुसऱ्या कुणाच्या संगीतासाठी वापरतात. त्यांच्या स्वतःच्या रचनेला तो लावला असेल तर काढा. आणि पत्रिकेतली ओळ अशी घ्या: 'चायकॉव्स्की (१८४०–१८९३): आडनाव चायका या पक्ष्याच्या नावावरून, रशियनमध्ये कुरव, युक्रेनियनमध्ये टिटवी.'