रि: रि: प्लॉटवरची कोर्जेट बोटाएवढी होऊन सडतायत

सोनू, मंगळवार रात्री

मंडळी, पाऊस थांबला म्हणून संध्याकाळी प्लॉटवर जाऊन आले. पानं ताटाएवढी, फुलं भरपूर, पण कोर्जेट (झुकिनी) एकही धड नाही. बोटाएवढं होतं, फुलाच्या बाजूने पिवळं पडतं, मग मऊ होऊन हातात येतं. टोमॅटो आणि वाल ठीक आहेत. गणपतीच्या जेवणाला याच कोर्जेटची पीठ पेरून भाजी करायची असं सभेत ठरलंय आणि भाजी विकत आणायला पैसे नाहीत हे खजिनदारांनी तेव्हाच सांगितलंय. फोटो नेहमीच्या फोल्डरमध्ये टाकलेत. लवकर सांगा.

नाना, मंगळवार रात्री

कॅल्शियम कमी. दुसरं काही नाही. अंड्याची टरफलं कुटून बुंध्याशी घाला असं मी केव्हापासून सांगतोय, पण त्या प्लॉटवर माझं ऐकतं कोण. ज्यांनी कंपोस्टचा डबा हलवला त्यांनाच विचारा.

पिंट्या, बुधवार सकाळ

नाना, डब्याचं नंतर बोलू. फोटो पाहिले. कॅल्शियमचा प्रकार असता तर फळ आधी चांगलं वाढलं असतं आणि मग टोकाला तपकिरी-काळा, आत दबलेला, चामड्यासारखा डाग आला असता. इथे फळ वाढतच नाहीये. देठाकडे जाड, टोकाकडे निमुळतं, तिथूनच पिवळं. हे परागीभवन न झाल्याचं किंवा अर्धवट झाल्याचं लक्षण.

आणि टरफलं मातीत विरघळायला फार वेळ लागतो, या मोसमात त्यांचा उपयोग नाही. थेम्सच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाने कॅल्शियमची काळजी करावी का? नळाचं पाणी चुनखडीतून येतं, केटलमध्ये साचलेला पांढरा थर बघा आपापला. डाग पडतो तोही बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नाही म्हणून नाही, तर पाणी कधी भसाभस, कधी नाहीच, म्हणून ते फळापर्यंत पोचत नाही.

मला एकच सांगा, कोबीवर टाकलेली बारीक, मधमाशी न शिरणारी जाळी कोर्जेटवरून काढली का?

बेबीताई, बुधवार दुपार

जाळी मी टाकली होती आणि ती कोबीवरच होती. वाऱ्याने किंवा माणसाने पुढे सरकली असेल तर माहीत नाही. कबुतरं येतात म्हणून सगळे माझ्याच मागे लागले होते हे विसरू नका.

दुसरं म्हणजे, नर फुलं कोण तोडून नेतंय? लांब बारीक देठाची ती नर, फुलामागे इवलंसं कोर्जेट असतं ती मादी. मी शनिवारी गेले तेव्हा नर फूल औषधालाही नव्हतं. नुसत्या माद्या. फळ धरणार कसं?

माई, बुधवार संध्याकाळ

रोख माझ्याकडे आहे ते कळलं. हो, फुलं मी नेते. भोपळ्याच्या फुलांची भजी संक्रांतीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी परत परत मागून घेतली होती, तेव्हा कोणी विचारलं नाही फुलं कुठली. (ती फ्रीझरमधली होती.)

पण मी जाते दुपारी. हे फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, दुसऱ्या दिवशी परत उमलत नाही. दुपारी मिटलेलं नर फूल तोडलं तर झाडाचं काडीचं नुकसान नाही. त्याचं काम संपलेलं असतं. सकाळी उघडी फुलं कोण नेतं ते शोधा. सारण भरायला उघडं फूल सोपं पडतं एवढंच सांगते.

नाना, बुधवार रात्री

केटलचा आणि मातीचा काय संबंध? आमच्या घरी टरफलं घातलेल्या कुंडीतल्या मिरच्या येऊन बघा. आणि डबा कोणी हलवला याचं उत्तर अजून आलेलं नाही.

खजिनदार, गुरुवार सकाळ

डबा अलॉटमेंटच्या (ज्या मळ्यात आपला प्लॉट भाड्याने आहे त्याच्या) माणसाने हलवायला सांगितला, वाटेत येत होता. विषय बंद.

कोणीतरी मला वेगळी मेल करून मधमाशीशिवाय फळ धरणारं बियाणं मागवू का विचारलंय. पार्थेनॉन आणि कॅव्हिली अशा जाती आहेत खऱ्या, त्यांना परागकण लागत नाहीत. पण या वर्षी नाही, पुढच्या मार्चमध्ये आठवण करा. अजून वर्गणी न दिलेल्यांनी तर करूच नका.

अण्णा, गुरुवार दुपार

मी म्युनिकला आलो तरी यादीतून नाव काढलेलं नाही, त्यामुळे बोलतो. या झाडांचं बी विकतचं आहे की गेल्या वर्षीच्या फळातलं धरलेलं? आजूबाजूला कोणी शोभेचे भोपळे लावले असतील तर संकर होतो आणि अशा बियांची कोर्जेट कडू, विषारी निघू शकतात. इथे जर्मनीत हायडेनहाइमला 2015 मध्ये शेजाऱ्याने दिलेली घरची कोर्जेट खाऊन 79 वर्षांचे गृहस्थ गेले. बायकोने कडू लागली म्हणून थोडीच खाल्ली, ती वाचली. शिजवून हे विष जात नाही.

आपल्याकडे काकडीचं, दोडक्याचं टोक कापून चाखल्याशिवाय पुढे जायचं नाही हे घरोघरी शिकवतात. कडू दुधीचा रस पिऊ नका असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञांनीही सांगितलंय. महाप्रसादाच्या पातेल्यात एक कडू कोर्जेट गेलं तर दीडशे माणसांचा प्रश्न आहे. प्रत्येक फळाचा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि फळ टाकून द्या.

सोनू, गुरुवार रात्री

अण्णा, बी विकतचं आहे, बेबीताईंकडे पाकीट आहे. तरी चाखून घेऊ.

पिंट्या, जाळीचं टोक पहिल्या दोन झाडांवर आलं होतं, काढलं. पण पलीकडच्या दोघांवर काहीच नव्हतं आणि तिथेही फळ धरलेलं नाही. मग ते का?

पिंट्या, गुरुवार रात्री

कारण पाऊस. फूल एकाच सकाळपुरतं उघडतं आणि त्या सकाळी पाऊस किंवा गारठा असेल तर मधमाशी बाहेर पडत नाही. हवा सुधारली की आपोआप सुरळीत होतं, पण वाट बघायची नसेल तर हाताने करा. सकाळी लवकर ताजं उघडलेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, पिवळी भुकटी दिसली पाहिजे. ती मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून नीट टेकवायची. एका बाजूलाच लागली तर फळ वाकडं होतं. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो.

नर नसेल तर शेजारच्या प्लॉटवरच्या मॅरोचं (कोर्जेटसारख्याच, पण मोठ्या फळाच्या भोपळ्याचं) फूल चालेल, जात एकच. मालकाला विचारून! लाल भोपळ्याच्या फुलावर मात्र विसंबू नका.

सडलेली फळं झाडावर ठेवू नका. धरलेल्या फळाच्या टोकाला वाळलेलं फूल चिकटून ओलं राहिलं तर बुरशी तिथूनच आत शिरते, तेही हळूच काढा. आणि घोड्याचं खत आता बस, पानं ताटाएवढी का झाली ते त्यातच आहे. एकदा फळ धरलं की आठवड्याभरात तोडायला येतं, गणपतीची चिंता नको.

माई, शुक्रवार सकाळ

सकाळी लवकर म्हणजे किती? गेटचा कोड बदललाय, माझ्याकडे जुना आहे.

खजिनदार, शुक्रवार सकाळ

कोड यादीवर टाकू नका कोणी. माईंना फोन करतो. शनिवारी सोनू, रविवारी बेबीताई, सात वाजता. सोमवारपासून माई, म्हणजे फुलं कोण नेतं तेही कळेल.

नाना, शुक्रवार दुपार

सातला मीही येतो. टरफलं घेऊन.