सल्ला हवा : एंटरप्राइजच्या मॉडेलमध्ये दिवे बसवायचे आहेत (बजेट २,५००)

रात्रपाळी_भुसावळ
नमस्कार मंडळी. मावसभाऊ अमेरिकेहून आला, त्याने माझ्यासाठी स्टार ट्रेक या अमेरिकी मालिकेतल्या जुन्या एंटरप्राइज यानाचा किट आणला. १:१००० प्रमाण, जोडल्यावर साधारण २९ सेंटीमीटर. डबा दोन महिने कपाटावर आहे. ड्यूटीवरून आलो की काढतो, तुकडे मोजतो, परत ठेवतो.

मनात आहे ते असं : तबकडीच्या आणि मधल्या धडाच्या खिडक्यांतून उजेड, वरच्या दोन नळकांड्यांच्या तोंडाशी केशरी-लाल, आणि तबकडीच्या दोन्ही कडांना लाल-हिरवे लुकलुकणारे दिवे. सोल्डरिंग येतं, रेडिओ दुरुस्त केलेत. रंगकाम मात्र दाराला रंग दिला तेवढंच.

बजेट किट सोडून २,५००. पोरीच्या क्लासची फी याच महिन्यात आहे, तेव्हा एक रुपया वाढणार नाही.

प्रश्न : दिवे कुठले? पॉवरबँकवर चालेल का? ब्रश, स्प्रे की आणखी काही? आणि सांध्यांतून उजेड गळतो म्हणतात, त्याला काय करायचं?

एअरब्रश_अण्णा
अभिनंदन! पहिलं काम, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारतो तो) आणि कॉम्प्रेसर घ्या. ०.३ मिमीचं नोझल. मी साडेपाच हजारांत घेतला, आता थोडे वाढले असतील. ब्रशने रंगवलेलं यान म्हणजे चुना फासलेली भिंत. रंग तामिया कंपनीचेच घ्या, दुसऱ्याच्या नादी लागू नका.

माझ्याकडे हेच यान १:३५० चं आहे, ८२ सेंटीमीटर. मूळचा अमळनेरचा, हल्ली पुण्यात असतो. कधी आलात तर दाखवीन. आणि मुलाकडे गेलो होतो तेव्हा वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये चित्रीकरणाचं मूळ मॉडेलही पाहून आलो. ११ फुटी आहे, १९६४ मध्ये बांधलेलं. २०१६ मध्ये त्याची मोठी डागडुजी झाली. गंमत म्हणजे त्याची डावी बाजू अर्धवटच सोडलेली आहे. आतल्या दिव्यांच्या वायरी तिकडून बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे कॅमेरा कायम उजवीकडे.

रात्रपाळी_भुसावळ
अण्णा, बजेट २,५०० आहे.

एअरब्रश_अण्णा
वस्तू एकदाच घ्यायची असते.

धुळेकर_७७
भाऊ, अडीच हजारमा त गणपतीनं अख्खं मखर उजळस! माळ घ्या, पोटात कोंबा, झालं. (हलके घ्या.)

पण खरंच विचारतो, परदेशी जहाजच का? आपलं पीएसएलव्ही करा. ४४ मीटरचं रॉकेट, १:१०० केलं तर ४४ सेंटीमीटर, पीव्हीसी पाइपात होतं. चांद्रयान करा. दिव्यांची भानगडच नाही.

केळीवाला_रावेर
धुळेकर, त्यांच्याकडे किट आहे, ते त्याबद्दल विचारून राहिले. पण पाइपाचा विषय काढलाच आहे तर माझी कथा ऐका.

मी मागच्या वर्षी स्वतःच्या मनाचं मालवाहू यान केलं. धड ११० एमएमच्या पीव्हीसी पाइपाचं, वरचं सगळं ठिबकचं उरलेलं सामान. ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, एंड कॅप, १६ एमएम नळीचे काप. सिनेमावालेही हेच करत, रणगाड्या-विमानांच्या किटचे तुकडे यानावर चिकटवायचे. शेडमध्ये गोणीभर माल पडलेला, एक पैसा खर्च नाही. राखाडी स्प्रे मारल्यावर असं दिसलं की बायकोने विचारलं, कितीला आणलं.

तिसऱ्या दिवशी धूळ पुसायला फडकं फिरवलं आणि नळ्यांवरचा रंग केळीच्या सालीसारखा निघाला. अख्खी पट्टी हातात. टेकऑफ तर रंगासकट गळून पडले. नंतर कळलं, ठिबकची नळी पॉलिथिनची आणि जोडण्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या. दोघांनाही ना साधा गोंद धरतो ना रंग. पीव्हीसीचं धड मात्र पॉलिश पेपर मारून घेतलं होतं, ते आजही जसंच्या तसं आहे. तेव्हा ठिबकचं सामान लावायचं तर भोक पाडून दाबून बसवा, गोंदाच्या भरवशावर राहू नका.

तापीकाठ
वाखु (वाचनखूण) साठवली.

वायंडिंगकाका_चाळीसगाव
रात्रपाळी भाऊ, दिव्यांकडे कोणी वळतच नाही म्हणून लिहितो. २९ सेंटीमीटरच्या यानात जाड वायर घालू नका. तबकडी आणि धड यांच्या मधली मान अगदी अरुंद असते, तिच्यातून चार साध्या वायरी गेल्या की सांधा मिटत नाही. कुठल्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जा आणि ३४ किंवा ३६ नंबरची इनॅमलची तांब्याची तार मागा. आमच्याकडे पंपांच्या सीझनमध्ये तुकडे झाडून टाकतो, मागितले तर कोणीही फुकट देईल. केसासारखी तार, पण दोन-चार एलईडीला भरपूर.

एक लक्षात ठेवा. तारेला वरून वार्निश असतं, तसंच सोल्डर केलं तर दिसायला टाका बसतो आणि दिवा लागत नाही. टोक पाऊण सेंटीमीटर ब्लेडने हलकं खरवडा, तांबं चमकलं पाहिजे, मग त्यावर आधी कथिल चढवून घ्या. लायटरनेही वार्निश जळतं, पण ३६ नंबरची तार त्यात कधीकधी तुटते. २५ वॅटचा काया (सोल्डरिंगचा) पुरे. टाका घालताना प्लॅस्टिकपासून लांब धरा, एका क्षणात खड्डा पडतो.

एअरब्रश_अण्णा
काका, शोभिवंत कामाला फायबर ऑप्टिक लागतं, उजेड वाहून नेणारे बारीक धागे. ०.२५ आणि ०.५ मिमी. मी ७० मीटर वापरलं.

वायंडिंगकाका_चाळीसगाव
तुमचं यान ८२ सेंटीमीटरचं आहे अण्णा.

स्वाती_नंदुरबार
मी शाळेत विज्ञान शिकवते, वर्गासाठी दिव्यांची मॉडेल करत असते. मुद्द्याचं तेवढं लिहिते.

पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. मोबाइलचा चार्जर ५ देतो, उरलेले २ रोधकाने खायचे. २० मिलिअँपिअर सोडायचे तर १०० ओहम येतो, पण तुम्ही २२० लावा. प्रवाह ९ च्या आसपास राहतो. १:१००० च्या यानात पूर्ण तेज सोडलं तर खिडक्या न दिसता नुसतं लग्नाचं मंगल कार्यालय दिसतं. वॉर्म व्हाइट, ३ मिमीचे घ्या. लाल एलईडी २ व्होल्टचा, त्यालाही २२० चालतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रोधक. मी पहिल्या वेळी ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट लावला होता, सातवी ब अजून त्या आवाजाची नक्कल करते.

पॉवरबँक : आठ-दहा दिव्यांचा भार इतका कमी असतो की बऱ्याच पॉवरबँका फोन भरला असं समजून आपोआप बंद होतात. माझी अर्ध्या मिनिटात झोपते. जुना चार्जर वापरा.

उजेड गळणं : सांध्यातूनच नाही, पातळ प्लॅस्टिकमधून सरळ आरपार येतो. अख्खी तबकडी भोपळ्यासारखी पेटते. जोडण्याआधी आतून दोन हात काळा, तो वाळला की वर पांढरा. काळा अडवतो, पांढरा उजेड फिरवून खिडक्यांपर्यंत नेतो. उलट क्रमाने केलंत तर खिडक्या मंद दिसतील. मग रात्री लाइट गेली की आत दिवा लावून दोन्ही भाग नुसते हातात जुळवून बघा. गळती तेव्हाच सापडते, चिकटवल्यावर उपयोग नाही.

खिडक्या : ०.५ ते ०.८ मिमीचा ड्रिल बिट, हाताने फिरवायचा पिन व्हाइस. मशीन नको, प्लॅस्टिक वितळून भोकाला कड येते. भोकात टूथपिकने फेव्हिकॉलचा थेंब, वाळला की दुधी काच. पारदर्शक तुकड्यांजवळ सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं.

एअरब्रश_अण्णा
काळ्यावर पांढरा, हेच मी म्हणणार होतो.

धुळेकर_७७
अंतराळात हवाच नाही, तर लाल-हिरवे दिवे कोणाला दाखवायला? आणि लाल उजवीकडे ना?

केळीवाला_रावेर
लाल डावीकडे.

धुळेकर_७७
फोटो बघा. समोरून लाल उजव्या हाताला दिसतो.

केळीवाला_रावेर
तुमच्या उजव्या हाताला भो, जहाजाच्या नाही.

स्वाती_नंदुरबार
जहाजात बसा आणि पुढे बघा. डावा हात लाल, उजवा हिरवा. समुद्रातल्या बोटींचा आणि विमानांचा नियम तोच, तिथूनच उचललाय.

धुळेकर_७७
पण रेल्वेत तसं नाही.

केळीवाला_रावेर
रेल्वेचा काय संबंध??

धुळेकर_७७
धागाकर्ते भुसावळचे आहेत म्हणून. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

वायंडिंगकाका_चाळीसगाव
लुकलुकण्यासाठी ५५५ नंबरच्या चिपचा टायमर करा. १० के आणि ६८ के (किलोओहम) चे रोधक आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सेकंदाला जवळपास एकदा मिचकतो. ५ व्होल्टवर चालतो. नाहीतर आपोआप लुकलुकणारे एलईडी मिळतात, पण डावा-उजवा हळूहळू एकमेकांच्या पुढेमागे होत जातात. बघणाऱ्याला कळत नाही, आपल्याला खुपतं.

अवांतर : आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. ग्रहगणित आमच्याकडचं, यान मात्र अमेरिकेचं. चालायचंच.

तापीकाठ
दोन गोष्टी, दोन्ही स्वतः भोगलेल्या.

एक, स्टँड थ्रीडी प्रिंट करायचा विचार असेल तर पीएलए प्लॅस्टिकमध्ये नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मी जळगावात मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून फक्त लग्नात जेवायला गेलो. आलो तर स्टँड नमस्कार करत होता. किटचं प्लॅस्टिक त्यामानाने सोसतं, तरी उन्हात नकोच.

दुसरं, हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे जवळून, एकाच हातात भरपूर मारू नका. माझ्या यानाच्या अंगावर पुटकुळ्या आल्या, रंगातल्या थिनरने प्लॅस्टिक खाल्लं. आधी स्प्रूच्या (किटचे तुकडे ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) काडीवर मारून रात्रभर ठेवा. हातभर लांबून, पातळ, चार वेळा.

एअरब्रश_अण्णा
म्हणूनच म्हणतो, एअरब्रश घ्या.

तापीकाठ
अण्णा, आमच्याकडच्या ४४ अंशांत ॲक्रिलिक नोझलच्या तोंडाशीच साय धरतं. पहाटे पाचला मारावं लागतं. पावसाळ्यात लॅकर मारला तर पांढरट झाक येते. वर्षात चार महिने सापडतात.

एअरब्रश_अण्णा
रिटार्डर मिळतं, त्याने रंग सावकाश वाळतो.

केळीवाला_रावेर
ते पण साडेपाच हजाराला का?

रात्रपाळी_भुसावळ
(अडीच महिन्यांनी)

यान झालं. सगळ्यांचे आभार, आणि सगळ्यांची थोडी थोडी माफी.

तार रिवाइंडिंगवाल्याकडून फुकट मिळाली. काका, पहिले तीन टाके तुम्ही म्हणालात तसेच फसले. खरवडलंय असं वाटत होतं, भिंगाखाली बघितलं तर अर्धं वार्निश तसंच. सात वॉर्म व्हाइट, दोन लाल, सगळ्यांना २२०. जुना चार्जर. आतून काळा, वर पांढरा. स्वातीताई, लाइट जायची वाट बघितली तर नेमकी आठवडाभर गेलीच नाही, शेवटी बाथरूममध्ये बसून तपासलं. तबकडीच्या पुढच्या कडेला एक बारीक रेघ गळत होती, काळ्या रंगात टूथपिक बुडवून बुजवली. नळकांड्यांची तोंडं लाल मस्त दिसतात, मधोमध एलईडीचा ठिपका दिसत होता म्हणून आतून पॉलिश पेपरने घासून धुरकट केली.

बाहेरचा रंग ब्रशने. अण्णा, जवळून बघितलं तर रेघा दिसतात. जवळून बघू देत नाही.

आता दोन गोष्टी तुम्हा कोणालाच पटणार नाहीत. खिडक्या फक्त उजव्या बाजूच्या पाडल्या. एका बाजूची भोकं पाडतानाच ०.५ चे दोन बिट मोडले आणि बोटं सुजली. त्यात अण्णांचं ११ फुटी मॉडेल आठवलं. शोकेसमध्ये डावी बाजू भिंतीकडेच असते, तर वायरी तिकडूनच बाहेर काढल्या, स्टँडलाही भोक पाडावं लागलं नाही.

आणि लाल-हिरवे बसवलेच नाहीत. ५५५ चं सर्किट जोडून टेबलावर चालवून बघितलं, छान मिचकत होतं. तेव्हा लक्षात आलं की मी आठ तास लाल-हिरवंच बघून घरी येतो. घरी नकोत.

एकूण खर्च १,१८०, त्यात पिन व्हाइस धरून.

केळीवाला_रावेर
एक नंबर! फोटो टाका.

एअरब्रश_अण्णा
डावी बाजू कोरी ठेवलीत? मूळ मॉडेलची ती अडचण होती हो, सोय नव्हे. १,३२० वाचले आहेत तर त्यात थोडी भर घालून...

धुळेकर_७७
म्हणजे लाल कुठे, ते कळलंच नाही शेवटी.

नवा_सदस्य_पाचोरा
छान धागा. मलाही असंच यान करायचं आहे. पॉवरबँकवर चालेल का?