नादाला जागा कुठे मिळाली? (अनुभव धागा)

डिलाईल रोड

आमची खोली बीडीडी चाळीतली, १६० चौरस फुटांची, आणि माणसं सात. टेपरेकॉर्डर देवांच्या फळीवर असायचा, कारण प्लग तिथेच होता. वडील रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि दुपारपर्यंत झोपायचे. त्यामुळे घरात गाणी लावायची ती संध्याकाळीच.

आमचा टेप साधा, रेडिओ नसलेला. कॅसेट भरायची म्हणजे शेजारच्या काकूंचा रेडिओ मागून आणायचा, टेपसमोर वीतभर अंतरावर ठेवायचा आणि प्ले-रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम दाबून श्वास रोखून बसायचं. साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. नव्वदची स्वस्त पडायची, पण तिची पट्टी पातळ, हटकून अडकायची. मग पेन्सिल घालून गुंडाळत बसा. दर रविवारी कापसाला स्पिरिट लावून हेड, म्हणजे पट्टी जिथे घासून वाजते तो भाग, पुसायचो. कापसावर तपकिरी डाग उमटला की जीव शांत व्हायचा.

त्यातल्या एकवीस कॅसेटी अजून माझ्याकडे आहेत. मागच्या वर्षी जुन्या बाजारातून एक डेक आणला, पण त्यावर सगळं दबकं वाजतं, कानावर उशी ठेवल्यासारखं. एका कॅसेटमध्ये गाणं संपता संपता कुणीतरी बोलतं, ते तर अजिबात कळत नाही.

तुमचं ऐकायचं आहे. खेळ, गाण्याची यंत्रं, सिनेमा, गेम, काहीही असो. तुमचा नाद कोणता आणि या शहरात त्याला जागा आणि वेळ कुठून काढलात? नेमकं लिहा: कुठली फळी, कुठला डबा, किती वाजता.

लालबाग

कॅरम. जागा: दुसरा मजला, जिन्यासमोरची गॅलरी. वेळ: जेवणं उरकली की साडेनऊपासून.

पावसाळ्यात बोर्ड जड होतो. सोंगटी निघते आणि मधेच दम टाकते. त्यावर आमचा उपाय होता. पत्र्याची टोपी घातलेला शंभरचा बल्ब बोर्डाच्या हातभर वर टांगायचा आणि तासभर नुसता पेटवून ठेवायचा. प्लाय कोरडा झाला की जुन्या रुमालाच्या पुरचुंडीतून बोरिक पावडर झटकायची. मग सोंगट्या अशा पळायच्या की बस.

चाळीत सगळ्यात भारी खेळायची माझी आई. आपल्या रेषेच्या मागे पडलेली सोंगटी ती अंगठ्याने काढायची, मान न वळवता. भांडी घासून ओले हात पदराला पुसत यायची, एक बोर्ड खेळायची, राणी घ्यायची, कव्हर करायची आणि उठून जायची. मोठमोठे खेळणारे तिच्यासाठी जागा सोडून उठायचे. ती आता एकाहत्तर वर्षांची आहे, पण अंगठा तसाच आहे.

बोरिवली

कांगा लीग. बाहेरच्यांना पटत नाही की मुंबईत १९४८ पासून क्रिकेटची एक स्पर्धा मुद्दाम भर पावसाळ्यात खेळतात. मी त्यात अकरा मोसम खेळलो, खालच्या डिव्हिजनमध्ये. नोकरी सोमवार ते शनिवार. रविवार मात्र माझा.

पावणेसातची चर्चगेट लोकल, लगेजचा डबा. किटबॅग उभी करून गुडघ्यांत धरायची. टोपल्या घेतलेल्या मावशी ओळखीच्या झाल्या होत्या. आभाळ बघून आधीच सांगायच्या, आज तुझं काही होत नाही बाळा. बहुतेक वेळा त्यांचंच खरं व्हायचं. आझाद मैदानात पोहोचायचं, दोन तास तंबूत बसायचं आणि पंचांनी बुटाच्या टाचेने खेळपट्टी दाबून मान हलवली की परत फिरायचं.

पण ज्या रविवारी खेळ झाला, त्या रविवारसारखं सुख नाही. खेळपट्टी झाकलेली नसते. एक चेंडू छातीशी उसळतो, पुढचा घोट्यापाशी सरपटतो. गवत इतकं वाढलेलं की मस्त बसलेला कव्हर ड्राइव्ह वीस यार्डांवर रुतून बसतो. चौकार हवा तर उचलूनच मारायला लागतो. पंधरा षटकांत चेंडू पाणी पिऊन फुगतो आणि शिवण बोटांना लागेनाशी होते. तिथे काढलेल्या तीस धावा कोरड्या विकेटवरच्या शतकाच्या तोलाच्या, असं मी आजही छातीठोकपणे म्हणेन.

आझाद मैदानाची आणखी एक मजा. आपण आपल्या मॅचमध्ये पॉइंटला उभे असतो आणि पाठीला पाठ लावून दुसऱ्या मॅचचा लेगचा क्षेत्ररक्षक. चेंडू कुणाचा हे ओरडण्यावरून ओळखायचं. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली. त्यांच्याही आजूबाजूला तेव्हा दुसऱ्या मॅचेसचा गलका असणारच, हे मनात येऊन मला फार बरं वाटायचं.

घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि पॅड गॅलरीतल्या दोरीवर. बुधवारपर्यंत घरभर ओल्या चामड्याचा वास. बायको एकदाही बोलली नाही. दोरीचा एक टोकाकडचा भाग तिने आपणहून पॅडांसाठी सोडला होता.

गिरगाव

डिलाईल रोडच्या दादा, स्पिरिट हेडला ठीक आहे. पण हे वाचून कुणी ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीला स्पिरिट लावू नका, हात जोडून सांगते. त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांची नाट्यपदाची एक तबकडी मी स्वतःच्या हाताने पुसली. कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय. मळ नव्हता तो. त्या जागी आता नुसती खरखर येते आणि पद अंतऱ्याच्या तोंडाशी नाहीसं होतं. चौदा वर्षं झाली, ती तबकडी मी टाकलेली नाही.

आता डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, मऊ सुती कापड आणि रेघांच्या दिशेने गोल फिरवायचं. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. लगेच कोरडं करायचं. आणि ७८ साठी सुई वेगळी लागते. त्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि सगळा कचरा ऐकवते.

जागा विचारलीत म्हणून सांगते. आमचा वाडा जुना, जमीन लाकडी फळ्यांची. कुणी चाललं की सुई उडते. म्हणून रविवारी दुपारी चारला मी हाक मारते, "लावतेय गं!" आणि घरातले सगळे जिथे असतील तिथे बसतात. सासूबाई ओट्यापाशी स्टुलावर, मुलगा दारात. वरच्या मजल्यावरचे काकासुद्धा येरझाऱ्या थांबवतात. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळं मांडून गवई मोकळा. तबकडी उलटायला मी उठते तेव्हा सगळे पाय मोकळे करतात, आणि परत बसतात.

परळ

मी नर्स आहे. २ एप्रिल २०११, वर्ल्डकपची फायनल वानखेडेला, आणि माझी रात्रपाळी अस्थिरोगाच्या वॉर्डात. टीव्ही नव्हता. सात नंबरच्या काकांच्या उशीखाली खिशातला रेडिओ होता, आवाज अगदी बारीक. विजयाला २७५ हव्या होत्या. सचिन १८ वर गेला तेव्हा काकांनी नुसता हात हलवला आणि पूर्ण वॉर्ड गप्प झाला. पुढे ते बोटांनी किती उरल्या ते दाखवायचे, शेजारचा पुढच्याला दाखवायचा, असं बोटाबोटांनी स्कोअर शेवटच्या खाटेपर्यंत जायचा. गंभीर ९७ ला गेला, तेव्हा मी सलाईन बदलत होते. धोनीचा षटकार बसला आणि दहा चेंडू राखून जिंकलो, तेव्हा ट्रॅक्शनला टांगलेले पाय सोडून जे जे हलवता येत होतं ते सगळं वॉर्डाने हलवलं. आवाज मात्र कुणी केला नाही, कारण दोघांची ऑपरेशनं त्याच दिवशी झाली होती.

मुलुंड

गेमिंग. मी बाई आहे हे आधीच सांगते, कारण जागेचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आमच्या स्टेशनबाहेर गेम पार्लर होतं. एक रुपयाचं नाणं टाकून मुलं 'मुस्तफा' खेळायची. मी क्लासला जाताना दारातून बघायची. आत मुली जात नसत. घरी भावाचा टीव्हीला जोडायचा गेम होता. कॅसेट चालली नाही की फुंकर मारून परत घालायची. तो झोपल्यावर मी टीव्हीचा आवाज शून्यावर नेऊन खेळायची. कुठला शत्रू कुठून येतो ते मला आवाजाशिवाय पाठ झालं.

पहिल्या पगाराच्या पैशातून २००५ साली लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर जुळवून घेतला. टॅक्सीला पैसे उरले नव्हते. भाऊ मॉनिटर घेऊन जेंट्समध्ये चढला, मी कॅबिनेट पोटाशी धरून लेडीज डब्यात. ग्रँट रोड ते दादर, पूल चढून पलीकडे, मग मुलुंड. दादरला चढले तेव्हा तोबा गर्दी. एका बाईने विचारलं, "काय गं, मशीन आहे का?" मी हो म्हटलं. तिला शिलाई मशीन वाटलं असणार. तिने उठून जागा दिली आणि बाकीच्यांना सांगितलं, "धक्का लावू नका, पोरीचं कामाचं मशीन आहे." घाटकोपरला ती उतरली.

आता वेळ रात्री साडेअकरा ते एक. मुलगा त्याच खोलीत झोपतो, म्हणून कमी आवाजाचा कीबोर्ड घेतला. माइक बरीच वर्षं बंद ठेवला होता. बाईचा आवाज ऐकला की समोरचे काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग चौघी भेटलो, मी, एक ऐरोलीची, दोघी वसईच्या, आणि आमचा स्क्वाड झाला. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला गेम चालायचाच थांबला. त्यानंतरच्या गुरुवारी रात्री अकराला नेहमीसारखा ऐरोलीचा फोन आला. खेळायला काही नव्हतं, तरी दीड तास बोललो. पुढच्या गुरुवारीही. पुढच्या वर्षी गेम नव्या नावाने परत आला, तोवर आम्हाला एकमेकींच्या सासू-सासऱ्यांची औषधंसुद्धा पाठ झाली होती.

ग्रँट रोड

लॅमिंग्टन रोडला जिन्याखाली माझ्या वडिलांचं टेप दुरुस्तीचं टेबल होतं, पुढे मी चालवलं. डिलाईल रोडच्या भावा, तुझ्या डेकमध्ये बिघाड नाही. कॅसेट ज्या टेपवर भरली त्याच्या हेडचा कल वेगळा, आताच्या डेकचा वेगळा, म्हणून वरचे सूर गळतात. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतील. ज्याच्या खाली स्प्रिंग आहे तोच हलवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. आधी मार्करने खूण कर, म्हणजे परत जागेवर आणता येईल. कॅसेट वाजत असताना बारीक स्क्रू ड्रायव्हरने केसभर, केसभर फिरव. झांजा आणि 'स'चा उच्चार ऐक. ते उघडले की थांब.

माहीम

माझ्याकडे सिनेमाची वही आहे, १९७४ पासूनची. आता चौथी चालू आहे. तारीख, थिएटर, खेळ, सीट नंबर, तिकिटाचा तुकडा चिकटवलेला.

वहीला सुरुवात केली ती लग्न झालं त्या महिन्यात. खोलीत आई-वडील, दोन भाऊ, बहीण आणि आम्ही नवे. दोघांना शेजारी बसायला मिळेल अशी जागा म्हणजे प्लाझा, चित्रा, नाहीतर लालबागचं भारतमाता. इंटरव्हलमध्ये आम्ही बाहेर जायचो नाही. ती दहा मिनिटं आमच्या बोलण्याची. घर घेण्याचं, मुलीचं नाव, सगळं इंटरव्हलमध्ये ठरलेलं आहे.

वहीत शेवटचा रकाना बायकोचा. त्यात ती एक-दोन शब्दच लिहिते. 'रडवलं.' 'गाणी चांगली.' 'पंखा बंद.' १९७९ च्या एका पानावर सिनेमाबद्दल काहीच नाही, नुसतं 'हो' लिहिलंय. इंटरव्हलमध्ये मी काय विचारलं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत आहे.

पुढे प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचा सभासद झालो आणि बंगाली, जपानी, इराणी काय काय पाहिलं. ती खालची इंग्रजी अक्षरं वाचता वाचता तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सुधारलं. मला जुन्या जागांचंही वेड आहे. मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरमध्ये कुणी खरेदीला निघालं की मी सांगतो, १४ मार्च १९३१ ला भारताचा पहिला बोलपट इथल्याच मॅजेस्टिक टॉकीजला लागला. २०१९ मध्ये चित्रा बंद झालं, तेव्हा आम्ही दोघं दारापर्यंत जाऊन आलो. त्या पानावर तिकीट नाही. तिने तारीख घातली आणि आमचे नेहमीचे सीट नंबर लिहिले.

डिलाईल रोड

ग्रँट रोडच्या काकांनी सांगितलं तसं काल रात्री केलं. खूण करून, स्प्रिंगवाला स्क्रू, केसभर. चौथ्या वेळेला झांजा एकदम मोकळ्या झाल्या. मग ती कॅसेट लावली आणि गाण्याच्या शेवटापर्यंत थांबलो.

मधे बोलणारे वडील आहेत. ते झोपलेत असं मी तेव्हा धरून चाललो होतो. हळू आवाजात आईला विचारतायत, "झालं का त्याचं भरून? लाव आता कुकर."